बला घेणारे मासे

मेलेला मासा डब्यात घालून दुकानात आलेलं गिऱ्हाईक वीरेशने आजवर पाहिलं नव्हतं. शिवकन्या आली ती झाकण उघडूनच.

"हा कामून मेला?"

गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीतलं ते शोभेच्या माशांचं दुकान. निळा उजेड, पंपांची बुडबुड, दमट वास. वीरेशने आधी माशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे… जरा जास्तच वेळ.

"मॅडम, मासा मेला की लोक नवा न्यायला येतात. मेलेल्याची चौकशी करणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"लॅबमध्ये कामाला हाय मी. चौकशीचीच सवय हाय."

त्याचं म्हणणं खरं होतं. घरात मासा मेला तर कुणी हळहळत नाही. घरावरची बला त्याने अंगावर घेतली म्हणतात आणि मोकळे होतात. शिवकन्याच्या घरी तर सगळी भिस्त त्यावरच होती. तिचे वडील शेषेराव डायलिसिसवर होते, दोन्ही किडन्या निकामी. आई धोंडाबाईने वीरेशच्याच दुकानातून मासे आणून त्यांच्या खाटेजवळ काचेची पेटी मांडून घेतली होती. मासा खंगून मेला की ती म्हणायची, आणखी एक दुखणं गेलं. शेषेराव स्वतः चिमटीने दाणे टाकायचे, कधी पाण्यात बोटं बुडवून बसायचे. डॉक्टरांपेक्षा त्यांचा भरवसा त्या माशांवर होता. शिवकन्याला हे पटत नव्हतं, पण तो भरवसा मोडायची तिची छाती नव्हती.

वीरेश दर रविवारी पेटी बघायला घरी येऊ लागला. मासे खात होते, तरी वाळत होते. पोट खपाटीला गेलेलं, पाठ वाकलेली. दांडगे मासे खाऊ देत नसतील म्हणून त्याने वाळलेले वेगळे काढले. जंत असतील म्हणून औषध घातलं. पाणी बदललं. फरक काही पडेना, रविवार मात्र लांबत गेले. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे तो, आणि मध्ये आजारी मासे… असलं प्रेम कुणाच्या वाट्याला येऊ नये, पण आलं खरं.

"तुम्ही माझ्याकडं बघून राहिलाव, माशाकडं न्हाई," ती म्हणायची.

"मासा वाळलाय. तुमच्याकडं बघून जरा बरं वाटतं."

ती हसायची. औषधांच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत हसणं तिला चोरी केल्यासारखं वाटायचं, तरी हसायची.

एकदा पेटी धुताना त्याने बाही वर सरकवली. बोटाच्या सांध्यावर लालसर गाठ होती, आणि तशाच गाठी मनगटाच्या वरपर्यंत गेलेल्या. कधीपासून, तिने विचारलं. काच लागली होती, पाण्यातल्या कामात जखम भरत नाही, असं म्हणत त्याने विषय उडवून लावला.

पुढचा मासा मेला तेव्हा शिवकन्याने हट्टाने वीरेशला तो चिरायला लावला. आत यकृतावर बारीक पांढरे दाणे होते. तिने काचपट्टीवर नमुना घेतला आणि लॅबमध्ये नेऊन, थुंकीतले क्षयाचे जंतू शोधायला वापरतात तोच रंग त्याला दिला. मायक्रोस्कोपखाली निळ्यावर लाल काड्याच काड्या दिसल्या. माशांनाही क्षय होतो आणि तो जखमेतून माणसाच्या हातात शिरू शकतो, हे तिने कधीतरी वाचलं होतं. तिला आधी वडील आठवायला हवे होते. आठवलं ते वीरेशचं बोट. आपलं काय झालंय, हे तिला तिथेच कळून चुकलं.

ती तडक दुकानात गेली. ऐकून वीरेशने हातातली जाळी बाजूला ठेवली. दुकानात मेलेला मासा तो मोठ्या माशांना खाऊ घालायचा, वाया कशाला घालवायचा म्हणून. जाळीही सगळ्या टाक्यांना एकच. रोग त्याच्याच हाताने घरोघरी गेला होता.

"इतके मासे मेले, पण एकजण भांडायला आला न्हाई," तो म्हणाला. "बला गेली म्हणून लोक खूश, अन् मी बी…"

"आधी डॉक्टरला हात दाखवा. मला लई भ्याव वाटलंय."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

घरातली पेटी हलवावीच लागणार होती. अंगात ताकद न उरलेल्या माणसाने त्या पाण्यात बोटं घालणं बरं नव्हतं. पण वडिलांना सांगताना शिवकन्याच्या तोंडून शब्दच फुटेना. शेवटी वीरेश खाटेजवळ बसला. मासे बला घेत नव्हते, काका, माझ्या दुकानातला रोग होता, पेटी मी घेऊन जातो, असं त्याने सांगितलं. हे सगळं शिवकन्याने शोधलं, एवढं मात्र त्याने गिळून टाकलं. शेषेराव पेटी दाराबाहेर जाईपर्यंत बघत राहिले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मग ते खचतच गेले. महिन्याभरात संपले. हृदय थकलं होतं, हे कधीतरी होणारच होतं, असं डॉक्टर म्हणाले. धोंडाबाईने ते ऐकूनही घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी वीरेश भेटायला आला. घर माणसांनी भरलेलं, तो उंबऱ्यापाशीच बसला. हाताला पट्टी होती, गोळ्या अजून कित्येक महिने चालणार होत्या. दुकान त्याने रिकामं केलं होतं.

"ह्यानं पेटी नेली अन् माझा माणूस गेला," धोंडाबाई सगळ्यांदेखत म्हणाली.

"हाव, मावशी," वीरेश म्हणाला. "मीच नेली."

त्याने मान खाली घातली. बायकांत बसलेल्या शिवकन्याला ते बघवेना. आज गप्प राहिलो तर हा जन्मभर आपल्यापायी बोलणी खाईल, आणि आपण बघत बसू… ती उठली.

"आई, पेटी मी काढायला लावली. रोग मी शोधला. आप्पांना सांगायची हिंमत झाली न्हाई, म्हणून ह्यांना पुढं केलं." तिचा आवाज फाटला. "काय बोलायचं ते मला बोल. अन् मला हाच माणूस पाहिजे, आई… आज बोलू नये, कळतंय मला. पण आजच बोलते."

धोंडाबाईने लेकीकडे पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि पाठ फिरवली.

शिवकन्या जाऊन वीरेशच्या शेजारी बसली.

"आता?" त्याने खाली बघतच विचारलं.

"आता काय… आई बोलंस्तोवर हितंच बसायचं," ती म्हणाली, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा तिला रडू आलं.