पंचवीसचा आयपीस

"दुर्बीण उझ्मानंच बिघडवली!" काकासाहेब सरांनी साऱ्या मुलांसमोर जाहीर करून टाकलं.

गुरुवारी उझ्माने शाळेच्या दुर्बिणीतून लख्ख चंद्र पाहिला होता आणि पेटी सरांना नीट परत केली होती. आज शनिवार. संध्याकाळी अख्ख्या तिसगावला चंद्र दाखवायचा, म्हणून सरांनी दुपारीच दुर्बीण लावून पाहिली, तर नुसतं करडं धुकं!

पंक्चर काढणारे तिचे अब्बा, बाबाजान, यांना सरांनी शाळेत बोलावून घेतलं होतं. ते मान खाली घालून म्हणाले, "परत त्या दुर्बिणीला हात लावायचा न्हाई." आणि दुकानाकडे निघून गेले. तिला एका शब्दानं विचारलंही नाही! उझ्माला तेच जास्त लागलं.

तिच्या वर्गातले फरदीन आणि राजनंदिनी मात्र तिच्या बाजूने होते. फरदीनने डोळा लावायच्या नळीवरचा, म्हणजे आयपीसवरचा आकडा वाचला. "चार."

"चार? मी तर पंचवीसचा लावला होता!" उझ्मा दचकली. "आकडा जितका लहान, तितकं चित्र मोठं, पण अंधूक, आणि दिसतो इवलासा तुकडा. आपल्या लहान दुर्बिणीला चारचा झेपतच नाही!"

पेटीतला पंचवीसचा खण रिकामा होता. तळाशी कसला तरी वाळका तुकडा होता. राजनंदिनीने तो हुंगला.

"कांद्याची पात! पेटी कुठं होती गं दोन दिवस?"

"सरांनी सूर्यभानकाकांच्या खतांच्या दुकानात ठेवली होती."

तिघांनाही एकच शंका आली. विचारलं आणि काका नाही म्हणाले तर? त्यापेक्षा राजनंदिनीने शेतातून कांद्याची ताजी पात उपटून आणली आणि तिघं काकांच्या दुकानात गेली.

"काका, पातीवर पांढरे डाग पडलेत. बघता का?"

सूर्यभानकाकांनी खिशातून एक काळी नळी काढली आणि भिंगासारखी उलटी डोळ्याला लावून पात पाहिली! "फुलकिडे हायेत पोरी. लई झालेत."

"भिंग झकास आहे! काय लिहिलंय त्यावर?" फरदीनने विचारलं.

"पंचवीस. त्या पेटीत दोन हुती, एक घेतलं. सरांना एक ठेवलंय की!"

"त्या एकापायी उझ्मा चोरासारखी उभी होती, काका!" राजनंदिनी कडाडली. काकांचा चेहरा पडला. त्यांनी नळी दिली.

शाळेत येऊन उझ्माने पंचवीसचा बसवला आणि दूर मढीच्या देवळाकडे दुर्बीण वळवली. सरांनी डोळा लावला. झेंडा उलटा दिसत होता, पण काठीसुद्धा स्पष्ट!

"आकाशाच्या दुर्बिणीत उलटंच दिसतं, सर."

सर ओशाळले. "पेटी मीच भलतीकडे ठेवली, खण न बघता तुझं नाव घेतलं. चुकलो, उझ्मा. शाब्बास पोरांनो! आज गावाला चंद्र तुम्हीच दाखवा."

"सर, हे अब्बांसमोर बोलाल?"

सर लगेच तिच्याबरोबर निघाले. दुकानासमोर, गिऱ्हाइकांच्या देखत, त्यांनी सगळं सांगितलं. बाबाजान हातातली ट्यूब ठेवून उठले.

"सर बोलले ते मी खरं धरलं. आधी तुला विचारायला पायजे हुतं, बेटा."

दुपारपासून दाबून धरलेलं रडू उझ्माला तेव्हा फुटलं.