सतरा जबाबांचं कुलूप

उद्धवराव मास्तरांना जाऊन अकरा दिवस झाले होते. नार्नूरच्या घरात भर दुपारी त्यांची मुलगी रुपा त्यांचा लॅपटॉप उघडून बसली होती. वीज गेलेली. बंद खोलीत कापसाचा आणि विझलेल्या उदबत्तीचा वास.

हैदराबादहून आलेली चौकशी अधिकारी पाचला आदिलाबाद सोडणार होती. त्याआधी तिला फाइल पाठवली नाही, तर प्रकरण बंद.

फाइलीत सतरा बायांचे जबाब होते. पोट दुखतं म्हणून गेलेल्या, पंचविशीतल्या बाया. एका खासगी दवाखान्यानं त्यांच्या गर्भपिशव्याच काढून टाकल्या. मास्तरांनी पहिल्यांदा यादी विश्वासानं सरकारी कचेरीत दिली, तर दुसऱ्या सकाळी डॉक्टरची माणसं त्या बायांच्या दारात उभी! यादी कुणी विकली, हे शोधायची गरज कुणालाच वाटली नाही. तेव्हापासून मास्तरांनी फाइलीला पासवर्ड घातला.

चार दिवसांत रुपानं सगळं टाकून पाहिलं. जन्मतारीख, गाव, आईचं नाव. फाइल उघडेना.

"थांब वं," दाराशी बसलेली तिची आई चंद्रभागा हळूच म्हणाली. "मले ठाऊक हाये."

"मंग चार दिवसांपासून बोलली काऊन नाई?"

"त्याहिचं पाळण्यातलं नाव हाये ते. तुही आजी लग्नात माह्या कानात सांगून गेली. आता मलेच ठाऊक. हे म्हनाले, तुह्या तोंडातून ते कदी निघनार नाई, यापरीस पक्कं कुलूप कोनतं?"

चंद्रभागेला लिहिता येत नव्हतं. नाव बोलावंच लागणार होतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, या धाकानं चाळीस वर्षं तिनं ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं.

"आता काय कमी होनार हाये, आई..." रुपा म्हणाली.

चंद्रभागेनं पदर डोक्यावर ओढला.

"डोमाजी..."

"ओ..."

आवाज आतल्या खोलीतून आला. लिहिता लिहिता मान वर न करता मास्तर द्यायचे, तशीच ओ. आत कुणी नव्हतं. खोलीला बाहेरून कडी होती.

"टाक वं लवकर," आई कुजबुजली.

रुपानं अक्षरं टाकली. फाइल उघडली. सतरा नावं, सतरा अंगठे. मोबाइलचं नेट जोडून तिनं ती पाठवली. चार वाजून चाळीस मिनिटांनी अधिकारीबाईंचा निरोप आला : मिळाली.

"झालं तुमचं काम," चंद्रभागा बंद दाराकडे पाहून म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "जा आता सुखानं..."

मग कडी लावलेल्या दाराला अगदी आतून टेकून, कुणी हाक मारलेली नसताना, आवाज आला...

"ओ..."