खिडकीशी थांबलेला रथ

वरच्या मजल्याच्या खिडकीत अचानक माणूस उगवला, तर कोणाच्याही काळजाचं पाणी होणारच. तिचंही झालं. देवाच्या अंगरख्याला जरीची किनार लावत बसली होती बिचारी. मान वर केली, तर गजांच्या पलीकडे पिवळं हेल्मेट आणि त्याखाली दोन हसरे डोळे.

"घाबरू नका. वायरमन आहे... शिडीवर उभा आहे."

"मग शिडीवरच राहा. आत काय बघताय?"

"वायर बघतोय."

"वायर माझ्या वेणीत अडकलीय का?"

त्याला हसू आवरेना, आणि शिडी हलायला लागली तशी हिचा जीव वर-खाली. टेलरमास्तरांची मुलगी ती. तिची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते असं सगळी गल्ली म्हणायची, आणि गल्ली काही खोटं बोलत नव्हती.

"कोणाशी बोलतेस गं?" आत्याने स्वयंपाकघरातून विचारलं.

"वायरशी, आत्या."

पण हसता हसता तिचं लक्ष आतल्या खाटेकडे गेलं. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते, पाय प्लास्टरमध्ये. देवाचे कपडे बेतायचा मान आजवर त्यांचाच. यंदा स्टुलावरून पडले आणि काम लेकीच्या अंगावर आलं. कामाचं नाही हो, दर्शनाचं दुःख होतं. मिरवणुकीचा रथ मोठ्या रस्त्याने जातो. या गल्लीत वायरी खाली लोंबतात, म्हणून इकडे फिरकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा अप्पांना देव दिसणार नव्हता. तोंडाने म्हणायचे, "मनात आहे ना देव, झालं तर." आणि पुन्हा भिंतीकडे वळायचे. तिला ते बघवत नव्हतं.

"अहो वायरमन," ती एकदम म्हणाली, "या वायरी वर घेता येतील? रथ आमच्या गल्लीतून जाईल इतक्या?"

तो गंभीर झाला. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, मग खाटेकडे पाहिलं.

"रथ किती उंच आहे ते मोजावं लागेल."

"टेप माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

देवळामागच्या रथखान्यात दोघं भेटली. जुन्या लाकडाचा आणि तेलाचा वास, कौलातून पडलेली उन्हाची तिरीप... आणि तो कळसाशी चढून बसलेला. ती खाली, टेपचं टोक जमिनीला लावून.

"धरलंय ना नीट?"

"मी धरलंय. तुम्ही टेपकडे बघा."

"टेपकडेच बघतोय."

"टेप तिकडे आहे हो... माझ्या डाव्या हाताला."

माप झालं. तरी बराच वेळ दोघं तिथेच, रथाच्या कोरीव हत्तींवरची धूळ पुसत, उगाचच. घरी परतताना तिला वाटेतलं काहीही आठवेना. पुजारीकाका आधी नको नको म्हणाले. शेवटी म्हणाले, "वायरमन जबाबदारी घेत असेल तर आणतो." त्याने छातीवर हात ठेवून घेतली आणि चार दिवस खपून गल्लीतल्या सगळ्या वायरी वर ताणल्या.

मिरवणुकीच्या दिवशी अप्पा सकाळपासून दाढी करून खिडकीशी खुर्चीत बसले. आत्याने त्यांना तीनदा चहा विचारला, त्यांना ऐकूच आलं नाही. दुपार कलली आणि ढोल ऐकू आले. गल्लीच्या तोंडाशी गुलाल उडाला, दोर ओढणाऱ्यांचा गजर झाला, आणि त्या सगळ्या माणसांच्या डोक्यावरून डोलत डोलत... रथ आत वळला. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

आणि घराच्या अलीकडे रथ थांबला. कळस वायरीला टेकला होता.

"असं कसं होईल?" पुजारीकाका ओरडले. "माप घेतलं होतं ना?"

घेतलं होतं की. पण रथखान्यात रथाची चाकं फरशीच्या खाचांत उतरलेली असतात, चांगली वीतभर. रथ रस्त्यावर आला की तेवढा आणखी उंच होतो. वायरमनने कपाळावर हात मारला. वर खिडकीत तिनेही.

"मागे घ्या रथ," काका म्हणाले. अप्पांनी हळूच मान फिरवली.

"थांबा, मागे घेऊ नका," वायरमन खालून म्हणाला. वीज सकाळपासून बंद होती. त्याने शिडी भिंतीला लावली, लांब बांबू घेतला आणि चढून वायर उचलली. एका बाजूने उचलली, तर दुसरीकडून लोंबली. त्याने खिडकीकडे पाहिलं. तिने खिडकीची गजांची झडप उघडली, कपडे वाळत घालायची काठी घेतली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकली. आत्याने मागून तिला घट्ट धरलं, एकीकडे देवाचं आणि एकीकडे तिच्या अकलेचं नाव घेत.

वायर वर गेली. दोर ताणला. कळस खालून सरकला, आणि रथ नेमका खिडकीशी येऊन उभा राहिला.

देव समोर होता, अगदी हाताच्या अंतरावर. महिनाभर तिने त्याला खांदे, छाती, बाह्या अशा मापांतच पाहिलं होतं. आता ते डोळे तिच्याकडे बघत होते आणि तिला श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही. अप्पांनी हात जोडले. मग गालावरून ओघळलेलं पाणी तसंच राहू देत म्हणाले, "खांद्यात छान बसलाय गं अंगरखा."

तिने काठीवरची पकड बदलली.

"हात दुखतायत?" शिडीवरून हळूच प्रश्न आला.

"हो. पण सोडणार नाही."

"मग एक बोलून घेऊ? आता तुम्हाला पळताही येणार नाही."

"बोला... लवकर."

"त्या दिवशी खाचा मला दिसल्या नाहीत. मला तुमच्याशिवाय काहीच दिसत नव्हतं. मला तुम्ही फार आवडता."

खाली ढोल, समोर देव, पाठीला आत्या. ती लाजेल तरी कुठे?

"मी तर खाचांशेजारीच बसले होते," ती म्हणाली. "मलाही नाही दिसल्या."

आत्याची पकड एकदम सैल झाली आणि लगेच दुप्पट घट्ट झाली.

रथ हलला. देव पुढे गेला. अप्पा कळस वळणाआड जाईपर्यंत हात जोडून बसले होते. मग डोळे पुसून शिडीकडे न बघताच म्हणाले, "वायरमन, घरी वडीलधारं कोण आहे?"

"आई आहे."

"उद्या तिला घेऊन या. आणि रथ गेला, काठ्या खाली घ्या आता."

दोघांनी एकदमच वर पाहिलं. वायर अजून त्यांनी उचलूनच धरली होती.