सतराव्या विहिरीचा रकाना

डॉ. यास्मिन तांबोळींनी सर्व्हरच्या पुढच्या पत्र्यावरची टिकली चिमट्याने काढली आणि काचेच्या बशीत ठेवली. बायका कपाळाला लावतात तशी, साधी लाल टिकली होती.

"ही कोणी लावली?"

"आमच्या ग्रामपंचायतीच्या शिपाईणबाईंनी," सोनटक्के गुरुजी म्हणाले. "तिथं एक लाल दिवा सारखा उघडमीट करायचा. त्यांच्या डोळ्यांवर यायचा."

"कधीपासून?"

"झाली असतील दोन वर्षं."

"दोनपैकी एक डिस्क बंद पडली आहे, असं तो दिवा सांगत होता."

गुरुजींनी बशीतल्या टिकलीकडे पाहिले. "आम्हाला वाटलं, चालू असल्याची खूण आहे."

पुण्यातल्या स्मृतिशोध प्रयोगशाळेत अशी उत्तरे रोज ऐकू येत. २०४१ सालच्या मार्चमध्ये निरगुडी खोऱ्यातून आलेला हा सर्व्हर बारा वर्षे ग्रामपंचायतीच्या कपाटात होता. त्याची एक डिस्क दोन वर्षांपूर्वी गेली. दुसरी गेल्या महिन्यात गेली आणि तिच्याबरोबर 'पाणफळा' हे संकेतस्थळ गेले. त्याची राखीव प्रत होती, पण तीही त्याच डिस्कवर ठेवलेली होती.

खोऱ्यात चौदा गावे आणि एकेचाळीस विहिरी. प्रत्येक विहिरीचा एक सभासद. त्याने रोज कठड्यापासून पाण्यापर्यंत दोर सोडायचा, ओल्या खुणेपर्यंतचे अंतर मोजायचे आणि आपल्या रकान्यात लिहायचे. २०२० मध्ये हे पंचायतीसमोरच्या फळ्यावर खडूने सुरू झाले आणि त्याच वर्षी संकेतस्थळावर गेले. एकवीस वर्षांत तीन लाखांवर नोंदी झाल्या होत्या. डिस्कच्या तबकड्यांवरून वाचता आल्या त्या सुमारे दहातली एक, त्याही विखुरलेल्या.

आणखी एक पान मात्र धड निघाले होते. त्यावर एकच ओळ होती : 'विहीर क्र. १७ : ९ मे २०३५ पासूनच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. समितीच्या निर्णयानुसार.'

"नोंदी गेल्या आणि शेरा तेवढा राहिला," शर्वरी ढोकणे म्हणाली.

ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि पुण्यातच पुलांचे आराखडे करायची. सतरा नंबरची विहीर तिच्या वडिलांची, दामोदर ढोकण्यांची. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती. शेरा मारला तेव्हा ती पुण्यात होती. त्यांनी भांडावे म्हणून तिने फोनवर पुष्कळ समजावले. ते 'जाऊ दे' एवढेच म्हणाले. त्यांच्या त्या 'जाऊ दे'चा तिला अजून राग होता. नोंदी परत मिळाल्या तर त्या जलतज्ज्ञांना दाखवून शेरा काढून घ्यायचा, एवढ्यासाठी ती रजा टाकून गुरुजींबरोबर आली होती.

"माझा दामूअण्णांवर काही राग नव्हता," गुरुजी म्हणाले. "समितीचा मी अध्यक्ष, मला सही करावी लागली."

"सही करताना चष्मा होता ना डोळ्यांवर?"

 गुरुजींनी तिला चौथीपर्यंत शिकवले होते आणि तिची जीभ त्यांना नवी नव्हती.

डॉ. तांबोळींनी दोघांना पडद्यासमोर बसवले. "जे तबकडीवर उरलंय ते आम्ही वाचलं. उरलेलं काम रिक्तपूरक यंत्राचं. ते काय करतं, ते आधी सांगते, म्हणजे नंतर वाद नको. समजा, तुमच्या वर्गाचा हजेरीपट फाटला. पण तुम्हाला माहीत आहे, की दोन जुळे भाऊ कायम बरोबर यायचे. एकाची हजेरी उरली असेल, तर दुसऱ्याची सांगता येईल?"

"येईल."

"यंत्र हेच करतं. नोंदींमधले संबंध शोधतं आणि उरलेल्यांवरून हरवलेल्या ओळखतं. खात्री असेल तरच भरतं, नाहीतर रकाना मोकळा सोडतं."

"आणि ओळखलेलं बरोबर आहे, हे कशावरून?" शर्वरीने विचारले.

"ज्या उरल्या आहेत त्यांतल्याच काही नोंदी आम्ही यंत्रापासून लपवतो आणि ओळखायला सांगतो. मग पडताळतो. मंगळवारी या, तोवर होईल."

मंगळवारी ते आले तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर चहाचे तीन रिकामे कप होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कामाचा आनंद नव्हता.

"मी यंत्र तीनदा चालवलं. आधी वाटलं, आमच्याकडेच काही बिघडलंय," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बघा."

पडद्यावर एकेचाळीस उभे पट्टे होते. भरलेला रकाना निळा, मोकळा पांढरा. वरची चार वर्षे, म्हणजे २०२० ते २०२३, सगळे पट्टे पांढरे होते आणि त्यावर निळे ठिपके तुरळक. २०२४ पासून खाली चाळीस पट्टे गडद निळे होते. सतरावा पट्टा मात्र जवळजवळ पांढराच खाली उतरला होता.

"चाळीस विहिरी परत आल्या?" गुरुजी पुढे झुकले. "माझी एक नंबरची?"

"तुमची तर सेंटिमीटरपर्यंत. लपवलेल्या चारशे नोंदी यंत्राने ओळखल्या, चारशेही बरोबर."

"बघ, शर्वरी," गुरुजींचा आवाज मोकळा झाला. "नियमाने केलेलं काम वाया जात नाही. आणि दामूअण्णांचं यंत्रालासुद्धा कळेना. कुठं काही धरबंधच नसेल तर ते तरी काय करणार?"

शर्वरीला ते लागले. "डॉक्टर, यांचं म्हणणं खरं आहे?"

"तेच मला कळत नव्हतं. म्हणून तुम्हालाच विचारते. गुरुजी, तुम्ही रोज मोजत होता?"

"रकाना एक दिवस रिकामा नाही."

"तसं नाही विचारलं. दोर सोडत होता?"

गुरुजींनी उपरण्याने कपाळ पुसले. "आमच्याकडे एक पद्धत आहे. रिकामा रकाना फळ्यावर लाल दिसतो. चौदा गावं बघतात. कोणी लग्नाला गेला, आजारी पडला, तर त्याचा रकाना लाल राहू द्यायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा. शेजारधर्म आहे तो."

"मोजून?"

"सुरुवातीला मोजून. नंतर... आपल्या विहिरीवरून अंदाज येतोच की. तुझी विहीर माझ्यापेक्षा हातभर खोल, हे का माहीत नसतं?"

"आणि स्वतःचा रकाना?"

"मागच्या वर्षी त्या तारखेला काय होतं ते बघायचं, पाऊस कमी-जास्त धरायचा. एकविसाव्या वर्षी माणसाला कळतं हो, पाणी कुठे असेल." ते थांबले. "रोज नाही मोजलं. पण चुकीचंही लिहिलं नाही."

"गेल्या उन्हाळ्यात तुमच्याकडे नऊ विहिरी कोरड्या पडल्या," डॉक्टर म्हणाल्या. "बातमी वाचली मी. या पट्ट्यांवर त्या दिवशी त्यांत साडेसात मीटरवर पाणी आहे."

"तो गोंधळ आम्हालाही उलगडला नाही. फळ्यावर पाणी होतं, विहिरीत नव्हतं. आम्ही म्हटलं, रातोरात कोणी उपसलं."



"आता माझं ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "खऱ्या विहिरी एकमेकींसारख्या वागतात, पण तंतोतंत कधीच नाही. एकीच्या तळाला भेग असते. एखादीवर कोणी त्या दिवशी जास्त पंप चालवतो, म्हशी धुतो. हे शेजारच्या विहिरीला माहीत नसतं, म्हणून यंत्रालाही कळू शकत नाही. जी नोंद दुसऱ्या नोंदींवरून सेंटिमीटरपर्यंत काढता येते, ती पहिल्यांदाही तशीच काढलेली असते. विहिरीवर जाऊन आणलेलं असं तिच्यात काही नसतंच. जे हरवलं आणि कशानेही परत येत नाही, ते मोजलेलं होतं."

गुरुजींनी पडद्याकडे पाहिले, मग डॉक्टरांकडे. "म्हणजे आमचं सगळं परत आलं, हे..."

"हो."

"उलटंच झालं हे. मनाला येईल ते आकडे कोणी टाकले, तर तेही यंत्राला ओळखू येणार नाहीत. दामूअण्णांनी ओसरीवर बसून टाकले नसतील कशावरून?"

"चांगला प्रश्न आहे. माणसाला मनाने आकडे टाकता येत नाहीत, त्याला सवयी असतात. कालचाच आकडा आज पुन्हा लिहायला तो कचरतो. शेवटी शून्य नाहीतर पाच आवडतं. यंत्र या सवयी पकडतं आणि त्यावरून पुढचं ओळखतं. तुमच्या तेवीस नंबरवाल्यांना सात फार आवडतो. सतरा नंबरच्या उरलेल्या नोंदींत एकही सवय नाही. कधी सलग तीन दिवस तोच आकडा. एका ठिकाणी शेरा आहे : 'दोर पुरला नाही. गाठ मारून वाढवला.' पाणी खाली जात होतं, गुरुजी. ते एकट्या ढोकण्यांना दिसत होतं."

शर्वरीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. सहा वर्षे ती ज्यासाठी भांडत होती ते तिला मिळाले होते, आणि तिच्या वडिलांची जवळजवळ एकही नोंद परत येणार नव्हती. दोन्ही गोष्टी एकच होत्या, हे डोक्यात बसायला तिला वेळ लागत होता.

"मग शेरा काढा," ती म्हणाली. "आत्ता, इथेच. गुरुजी, तुमचं अध्यक्षांचं खातं उघडा."

"काढू. पण..." गुरुजी खरेच गोंधळले होते. "तो शेरा आम्ही उगाच नव्हता मारला. आदल्या दिवशी आठ मेला सतराव्या विहिरीत पाणी सात मीटर शहाऐंशीवर होतं. दुसऱ्या दिवशी दामूअण्णांनी लिहिलं, नऊ मीटर अठ्ठावीस. एका दिवसात एक मीटर बेचाळीस पाणी जातं कुठं? दोन्ही आकडे मोजलेले असतील, तर हे झालं कसं?"

"त्याच्याकडेच येत होते मी," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी सतरावा पट्टा मोठा केला. पांढऱ्या पट्ट्यात मधोमध एक निळा तुकडा होता, काठ कापल्यासारखे सरळ. "एकवीस वर्षांत या पट्ट्यातला एवढाच तुकडा परत आला आहे. १७ जानेवारी ते ८ मे २०३५. एकशे बारा दिवस. नियमही सापडला. सोळा आणि अठरा नंबरच्या विहिरींची सरासरी, अधिक तीस सेंटिमीटर. एकशे बारा दिवस तोच. हे तुमच्या वडिलांचं नाही वाटत. त्या दिवसांत कोण मोजत होतं?"

"तेव्हा अण्णांचं खुब्याचं हाड मोडलं होतं," गुरुजी लगेच म्हणाले. "ही पुण्याहून आली होती. घरूनच ऑफिसचं काम करायची आणि रोज विहिरीवर जायची. हिच्या नोंदींत काही खोट नाही, मॅडम. सभेत मी अण्णांना विचारलं होतं, मधल्या दिवसांत काही गडबड झाली का? ते म्हणाले, 'पोरीनं मोजलंय ते बरोबर आहे. माझंच काही चुकलं असेल.' त्यांनी स्वतः सांगितलं, म्हणून तर आम्ही..."

त्यांचे वाक्य तिथेच राहिले. शर्वरी पडद्याकडे पाहत होती.

"तीस कशासाठी?" डॉक्टरांनी हळू विचारले.

"बाबांची विहीर शेजारच्यांपेक्षा जरा खोल आहे, असं मला वाटायचं," शर्वरी म्हणाली. "वावराच्या पार टोकाला होती. वीस मिनिटं जायला, वीस यायला. माझ्या सकाळी बैठका असायच्या. सगळे तसंच करतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ते खाटेवरून रोज विचारायचे, रकाना भरलास का. मी म्हणायचे, भरला."

गुरुजींनी उपरणे मांडीवर घेऊन त्याची घडी घातली, परत मोडली.

"नऊ मेला ते काठी टेकत पहिल्यांदा विहिरीवर गेले," ती पुढे म्हणाली. "मी त्याच दुपारी पुण्याला निघाले. दोर वर काढला तेव्हाच त्यांना कळलं असेल."

"सभेत मग बोलले का नाहीत?" गुरुजी म्हणाले. "एक शब्द पुरला असता."

  शेरा लागल्यावर दामोदर ढोकणे आणखी तीन वर्षे रोज विहिरीवर गेले होते. त्यांच्यानंतर तो रकाना बंदच झाला होता. पट्टा शेवटपर्यंत पांढरा होता.

"हा निळा तुकडा पुसायचा का?" डॉक्टरांनी विचारले. "नोंदी होत्या तशाच परत आल्यात, पण तुम्ही म्हणाल तसं."

"नको. राहू द्या."

गुरुजींनी आपल्या खात्याने पान उघडून दिले. शर्वरीने जुना शेरा काढला आणि त्या जागी लिहिले : 'विहीर क्र. १७ : १७ जानेवारी ते ८ मे २०३५ या ११२ नोंदी मोजलेल्या नाहीत. बाकीच्या सर्व मोजलेल्या होत्या. शर्वरी दामोदर ढोकणे.' तिने ते दोनदा वाचले आणि साठवले.

मग तिचे लक्ष निळ्या तुकड्याच्या वरच्या काठाकडे गेले. ती गावी आली ती १२ जानेवारीला. त्या दिवसापासून सोळा तारखेपर्यंतचे पाच रकाने पांढरे होते. त्यांच्या वर वडिलांचे पांढरे रकाने होते, आणि मोजणारा हात कुठे बदलला ते ओळखू येत नव्हते. ते पाच दिवस ती गेली होती. पहाटेच्या थंडीत दोर हाताला झोंबायचा, एवढे तिला आठवले. आकडे आठवले नाहीत.

"जरा सरकतेस का?" गुरुजी मागून म्हणाले.

ती उठली. गुरुजींनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि एक नंबरच्या विहिरीचे पान उघडले.

"मॅडम," त्यांनी विचारले, "माझा निळा कुठल्या तारखेपासून सुरू होतो?"