आरोनकाकांची लॉरी का तापते?

"रेडिएटरच्या टोपणाला हात लावू नकोस, दिनानाथ! तोंड भाजेल," रुथ ओरडली, तेव्हा कुठे दिनानाथने हात मागे घेतला.

पनवेलच्या बाजारामागे आरोनकाकांच्या अंगणात लॉरी उभी होती आणि तिच्या पुढच्या जाळीतून वाफेचे लोट निघत होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली ही लॉरी रुथच्या वडिलांनी, म्हणजे आरोनकाकांनी, लिलावात घेतली होती. बेलपाड्याकडच्या मिठागरांवरून पनवेलला मीठ आणायचं, हे तिचं काम. आठवडाभर ती रोज तापत होती आणि आज तर पाच-सहा मैलांत चार वेळा थांबली होती.

एरवी मे महिन्याच्या सुटीत अशी गंमत मुलांना हवीच असते. आज मात्र मालूचा जीव थाऱ्यावर नव्हता. मालू ही बेलपाड्याची, रुथ आणि दिनानाथच्या वर्गातली. लॉरी चालवणारे भगवान हे तिच्या थोरल्या बहिणीचे, वेणूचे, यजमान. मालू त्यांना दाजी म्हणायची. वेणूचे दिवस भरत आले होते. बाळ पोटात आडवं आहे, कळा सुरू झाल्या की तडक पनवेलच्या दवाखान्यात आणा, सुईणीवर विसंबू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. बैलगाडीला तीन तास लागत, तेही हाडं खिळखिळी करत. लॉरीच बंद पडली तर वेणूताईला आणायचं कशातून?

शिवा मिस्त्री आला. त्याने पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, इंजिनावर पान्याने दोनदा ठोकलं आणि इंजिनाचं डोकं गेलंय, सगळं खोलावं लागेल, चार दिवस धरा, असं सांगून टाकलं. तेही उद्यापासून. आज त्याला कोन गावाला पुतणीच्या हळदीला जायचं होतं. नवा सदरा घालून आलेला मिस्त्री इंजिनात किती खोल डोकावणार? आरोनकाकांनी मान डोलावली, कारण मिस्त्रीसमोर ते नेहमीच मान डोलावत.

"चार दिवस?" मालू पुटपुटली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की रुथने तिचा हात घट्ट धरला.

रुथ या लॉरीच्या अवतीभवतीच वाढली होती. तिने दोघांना समजावून सांगितलं: इंजिनातलं तापलेलं पाणी वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येतं, बारीक बारीक नळ्यांतून खाली उतरताना थंड होतं आणि खालच्या नळीने परत इंजिनात जातं. मग दिनानाथला एक युक्ती सुचली. त्यांनी भगवानदाजींना लॉरी जरा वेळ सुरू करायला लावली आणि समोरून जाळीला जपून हात लावून पाहिला. वरचा भाग चटका देत होता. खालचा मात्र माठासारखा गार!

म्हणजे गरम पाणी खाली उतरतच नव्हतं. नळ्या तुंबल्या होत्या. पण कशाने?

लॉरी निवल्यावर रुथने टोपण काढलं. टोपणाच्या कडेला पांढरट खपली धरली होती. मालूने ती नखाने खरवडली, जिभेला लावली आणि लगेच थुंकली. मिठागरावर जन्म काढलेल्या घरातली पोरगी ती, तिला चव सांगायला कोणी नको होतं.

आरोनकाकांचा विश्वास बसेना. मिठाची लॉरी, मीठ उडून चिकटलं असेल, असं ते म्हणाले. मग मालूने रेडिएटरमधलं थोडंसं पाणी पंच्यातून गाळून परातीत घेतलं आणि परात उन्हात ठेवली, अगदी मिठागरात करतात तशी. तासभर तिघं परातीभोवती बसून राहिली. तो तास काही केल्या सरेना. बाराच्या उन्हात शेवटी पाणी आटलं आणि परातीच्या तळाशी तांबूस-पांढऱ्या कण्या उरल्या. आरोनकाकांनी एक कणी चाखली आणि भगवानदाजींकडे पाहिलं.

"दाजी, पानी कुठलं घालता तुमी?" मालूने विचारलं.

भगवानदाजी खाली बसले.

"मिठागराचंच," ते म्हणाले. "इथून भरलेलं तिथवर आटतं, आन गावची विहीर आटली. शेजारच्या गावात घरटी दोनच हंडे मिलतात. वेनू या दिवसांत ते दोन हंडे डोक्यावरशी आनते. मला काय आनू देत नाय, बायांत पुरुस गेला तं लोक हसतील म्हनते. त्यातलं पानी मी इंजिनाला कसा मागू? लोखंडाला मीठ खातं, मला म्हाईत हाय. पन वाटलं, तिची सुटका होईस्तवर चालेल."

कोणाला त्यांच्यावर रागावता येईना. मालूला मात्र एकाच वेळी त्यांचा राग आला आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

रडायला वेळ नव्हता. गोड्या पाण्याने मीठ विरघळेल, पण आत धरलेल्या खपल्यांचं काय? रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे, हे रुथला ठाऊक होतं. मालू म्हणाली, तांब्याचा हंडा घासायला चिंच लागते, मग याला का नको? रुथची आई, मझलकाकू, हे ऐकून कपाळावर हात मारून घेऊ लागली. वर्षाची चिंच नुकतीच बरणीत भरली होती! पण वेणूचं नाव निघताच तिने स्वतः बरणी उचलून आणली आणि कोळ काढून फडक्याने गाळून दिला.

भगवानदाजींनी रेडिएटर सोडवून विहिरीच्या दगडावर आणला. त्यांनी गरम पाण्यात कालवलेला कोळ आत भरला. तासाभराने रेडिएटर उलटा धरून खालच्या तोंडातून बादल्याच्या बादल्या गोडं पाणी ओतलं. आधी गंजाचा चिखल आला, मग खपल्या. दिनानाथ रहाट ओढून ओढून घामाघूम झाला. दुसऱ्यांदा कोळ भरला न भरला तोच बेलपाड्याचा आनंदा सायकलवरून धापा टाकत आला. वेणूला कळा सुरू झाल्या होत्या.

भगवानदाजी ताडकन उठले. रेडिएटर असाच बसवा, निघू या, असं म्हणत ते पाना शोधू लागले. आरोनकाकाही लगेच जायचं म्हणाले. पहिल्या धुण्यात वरच्या तोंडातून बारीकच धार आली होती, हे रुथला आठवलं. अर्ध्या नळ्या अजून बंद होत्या.

सगळ्यांनी मालूकडे पाहिलं. बहीण तिची होती. आत्ता निघालं तर लॉरी वेणूताईसकट रस्त्यात बंद पडेल. थांबलं तर तिकडे एकेक मिनिट...

"अर्धा तास," ती म्हणाली. "आजून एक पानी, दाजी. मंग निघू."

तो अर्धा तास ती बादल्या ओतत राहिली. शेवटच्या बादलीला पाणी वरच्या तोंडातून एका दमात, स्वच्छ बाहेर आलं.

रेडिएटर बसवून, पाणी भरून लॉरी निघाली. मागे पाण्याचे चार हंडे घट्ट धरून मुलं बसली होती. दर मैलाला रुथ उतरून जाळीला खालून हात लावायची. खालीही कोमट लागायचं, म्हणजे पाणी फिरत होतं. चढावर इंजिन कण्हलं. पण वाफ आली नाही, जातानाही नाही आणि गोधडीवर वेणूताईला घेऊन सावकाश परततानाही नाही.

दिवेलागणीला डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या ओसरीवर आल्या. मुलगी झाली होती, आई सुखरूप होती. बैलगाडीने आणली असती तर दोघींतली एकही हाती लागली नसती, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. आरोनकाकांनी तिन्ही मुलांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "मिस्त्रीने ठोकून पाहिलं, तुम्ही हात लावून पाहिलंत. यापुढे माझ्या लॉरीला काही झालं तर आधी तुम्हांला विचारीन."

तेवढ्यात हळदीने नवा सदरा पिवळा करून शिवा मिस्त्रीही आला. सगळी हकीकत ऐकून त्याने कान पकडले, आणि पुढच्या वेळी आधी टोपण काढून बघेन, मगच तोंड उघडेन, असं मुलांसमोर कबूल केलं.

भगवानदाजी आतून बाहेर आले ते बाळाला घेऊनच. त्यांनी ते मालूच्या मांडीवर ठेवलं. "वेनू इचारते," ते म्हणाले, "की ते अर्धा तास थांबायचं कोनी ठरवलं?"

मालूने बाळाकडे पाहिलं. सकाळपासून आवरून धरलेलं रडू तिला एकदम फुटलं, आणि या वेळी ते कोणी थांबवलं नाही.