पिझ तुरेलवर राहिलेली स्की
"तू पाच मिनिटं एका जागी बस," लादीना म्हणाली.

"बसलो होतो की मघाशी," म्हणत फ्लुरिन पुन्हा खिडकीशी गेला.

वारा वाढल्यामुळे दोन वाजताच रोपवे बंद करायचं ठरलं होतं. केबिन भरभरून माणसं खाली गेली. पिझ तुरेल शिखरावर, रोपवेच्या वरच्या स्टेशनात, आता पाचच जण उरले होते: स्टेशनप्रमुख काडुफ, केबिन चालवणारी ब्रायदामावशी, मावशीची दहा वर्षांची मुलगी मेंज्या, आणि हिवाळी सुट्टीला कूरहून आलेली तिची भाचरं, तेरा वर्षांची लादीना नि अकरा वर्षांचा फ्लुरिन. शेवटची केबिन वारा जरा पडल्यावरच सुटणार होती. बाहेर दोर शीळ घालत होता आणि कुणालाच चैन पडत नव्हतं.

"ती स्की कुणाची?" फ्लुरिननं विचारलं.

दाराबाहेरच्या कठड्याला एक आखूड जोडी टेकवलेली होती. तिच्यावर बोटभर बर्फ साचला होता.

"विसरलं असेल कुणी," काडुफ वहीतून मान वर न करता म्हणाले. "हे रोजचंच आहे. मी शेवटची फेरी मारलीय. वर कुणी नाही."

"काडुफकाका, काठी एकच आहे."

"मग दुसरी हरवली असेल. बस बघू."

फ्लुरिन बसला नाही. दार किलकिलं करून तो कठड्यापर्यंत गेला आणि नाक लाल करून परतला. "भाड्याची आहे. नंबर तीनशे अठरा. इतकी आखूड स्की नवशिक्याची असते."

"नवशिका या वाऱ्यात स्की सोडून जाईल कुठे?" मेंज्या म्हणाली.

लादीनाला एकदम आठवलं. "स्कीचे बूट घालून चालताना तूच काल काय केलंस, मेंज्या?"

"एक काठी घेतली. टेकायला." मेंज्याचा चेहरा बदलला. "क्रूसाकडे जाताना."

कड्यावरच्या लाकडी क्रूसाकडे जाणारी पायवाट स्टेशनामागूनच निघत होती. आता ती दोर बांधून बंद केलेली होती, आणि दोरापलीकडे नुसतं धुकं होतं.

काडुफ वायरलेसवर बोलायला आतल्या खोलीत गेले. तेवढ्यात लादीनानं टेबलावरचा फोन उचलला, खालच्या भाड्याच्या स्कीच्या दुकानाला लावला आणि मावशीचा आवाज काढला. "वरच्या स्टेशनवरून बोलतेय. तीनशे अठरा नंबरची स्की कुणाला दिलीय?"

"अगं ए," ब्रायदामावशी कुजबुजली, पण तिनं फोन काढून घेतला नाही.

दुकानदारानं नाव सांगितलं: रोझमारी व्हिस, वय सहासष्ट. हॉटेलचं नावही सांगितलं. लादीनानं तिथेही फोन लावला. व्हिसबाई परतल्या नव्हत्या. त्यांची किल्ली खुंटीलाच होती.

काडुफ बाहेर आले तेव्हा तिघं त्यांच्या वाटेत उभी होती. लादीनानं सगळं एका दमात सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, "काका, दोर बांधताना तुम्ही क्रूसापर्यंत गेला होता?"

काडुफनी भिंतीवरची दोरी काढली. "नाही," ते म्हणाले. "धुकं होतं. इथूनच हाक मारली."

त्यांनी कमरेला दोरी बांधली. दुसरं टोक मावशीनं दाराजवळच्या लोखंडी खांबाला बांधलं. फ्लुरिननं टोपी घातली, तसे ते म्हणाले, "तुम्ही दारात थांबा. या धुक्यात दोरी पुरली नाही तर परतायची वाट मला तुम्हीच दाखवायचीय. आवाज करत राहा."

दारावर गाईच्या गळ्यातली जुनी घंटा टांगलेली होती. मेंज्यानं ती काढली. तिघं आळीपाळीनं घंटा वाजवत राहिली. शंभर ठोके झाले की थांबायचं, ऐकायचं, पुन्हा वाजवायचं. फ्लुरिनची बोटं बधिर झाली. दोरी ताणली, मग सैल पडली.

"त्यांनी सोडली," मावशी म्हणाली. "पुरली नसणार."

"वाजव," लादीना फ्लुरिनवर ओरडली. "थांबू नकोस."

किती वेळ गेला कुणाला सांगता आलं नसतं. शेवटी धुक्यातून एक रुंद आकृती आली, पाठीवर दुसरी घेऊन.

व्हिसबाईंचा घोटा मुरगळला होता. क्रूसाजवळच्या खडकाच्या आडोशाला त्या दोन तास बसून होत्या. थंडीनं फोन केव्हाच बंद पडला होता. मावशीनं त्यांना ब्लँकेटात गुंडाळलं आणि गरम चहाचा पेला हातात दिला. तो त्यांना धरवेना, म्हणून मेंज्यानं धरला.

"आधी हाका मारल्या," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, इथे मी आहे हे कुणाला ठाऊक असणार? म्हणून गप्प बसले."

चारच्या सुमारास वारा जरा पडला. केबिन खाली पोचली तेव्हा बचाव पथक, हॉटेलचे मालक आणि रोपवेची मोठी साहेबीण वाट बघत उभी होती. साहेबिणीनं काडुफना शाबासकी द्यायला हात पुढे केला.

काडुफनी तो घेतला नाही. "मी वर कुणी नाही म्हणून वहीत लिहून मोकळा झालो होतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी गप्प बसवूनही ही तिघं गप्प बसली नाहीत. हात यांच्याशी मिळवा, बाईसाहेब."