आप्पांचा कान

प्रयोगशाळेचा जिना चढून आली की ऋजुता कुरुंदवाडकर हल्ली आधी कठड्याला टेकून उभी राहायची आणि मगच दार उघडायची. तेवढ्यात कोणी आलंच, तर फोन काढून वाचत असल्याचं सोंग करायचं, एवढी तिची तयारी झाली होती. त्या दिवशी मात्र छातीत कोणी मूठ आवळावी तसं झालं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ती कशीबशी आत गेली, टेबलावरची श्रवणपट्टी छातीला चिकटवली आणि वाट पाहत बसली.

"माझ्यासारखं वाजतंय," पट्टी म्हणाली. "जा घरी. पोटभर जेवा."

आवाज तिच्या वडिलांचा होता. त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती.

डॉ. जनार्दन कुरुंदवाडकर, म्हणजे आप्पा, मिरजेतले हृदयरोगतज्ज्ञ. तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांच्या या गावात तयार कानाला मोठा मान, आणि आप्पांचं नाव घेताना तर जुने कारागीरसुद्धा कानाच्या पाळीला हात लावत. छातीला नळी लावून ते डोळे मिटत. सगळं ठीक असलं की म्हणत, "माझ्यासारखं वाजतंय. जा घरी. पोटभर जेवा." ठीक नसलं तर आजाराचं नाव न काढता नळी गळ्यात अडकवत आणि हळूच विचारत, "सोबत कोण आलंय?" त्या प्रश्नाला अख्खा सांगली जिल्हा टरकून असायचा.

आप्पांच्या शेवटच्या काही वर्षांत ध्वनिगणित शिकून आलेल्या ऋजुतानं वडिलांच्या दवाखान्यात ठाण मांडलं. प्रत्येक रोग्याच्या हृदयाचा आवाज तिनं टिपला, त्यावर आप्पांनी दिलेला निवाडा त्याला जोडला आणि संगणकाला आप्पांसारखं ऐकायला आणि त्यांच्याच आवाजात बोलायला शिकवलं. कागदोपत्री त्याचं नाव श्रवणप्रतिरूप. लोकांच्या तोंडी मात्र आप्पांचा कान हेच नाव बसलं. घरबसल्या पट्टी लावायची, की कान हृदय ऐकून साम्यांक सांगणार. निरोगी हृदयाशी तुमचं हृदय किती जुळतं, त्याचा तो आकडा. कुठल्या डॉक्टरकडे जावं, कधी जावं, एवढ्याशा दुखण्याला जावं की न जावं, हा घराघरातला घोळ मिटला. पुढेपुढे तर लग्नाच्या बायोडेटात पत्रिकेआधी साम्यांक यायला लागला आणि नव्वदच्या वरच्या मुलांचे बाप जरा ताठच चालायला लागले.

ऋजुताचा साम्यांक अठ्ठ्याण्णव होता. त्याहून जास्त तिनं कोणाचाच पाहिला नव्हता.

आणि तरीही तिला जिना चढवत नव्हता. या दोन गोष्टी एकाच अंगात कशा राहतात, हे तिनं स्वतःला बरेच दिवस विचारलं नव्हतं. विचारायला लागलं ते दत्ता चोपडेमुळे. कबड्डीचा हा तरणाबांड प्रशिक्षक सराव घेता घेता मैदानावर कोसळला तो उठलाच नाही. आदल्या संध्याकाळी कानानं त्याला घरी जाऊन पोटभर जेवायला सांगितलं होतं. साम्यांक शहाण्णव. ऋजुतानं जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा अशी अचानक गेलेली आणखी काही माणसं सापडली. एकजात सगळी नव्वदच्या वरची.

कानाची चूक कानालाच विचारून कशी कळणार? हातानं रोगी तपासणारा माणूस हवा होता, आणि तसे आता उरले होते किती? तिला एकच नाव आठवलं. डॉ. नसीम शिकलगार. सतारी घडवणाऱ्या घरातली ही मुलगी आप्पांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. एके काळी घरी जेवायला असायची. मग काहीतरी बिनसलं, आणि आप्पांनी तिचं नाव काढायचंच सोडलं. का, ते घरात कोणी विचारलं नाही.

नसीमचा दवाखाना सांगलीत, दुसऱ्या मजल्यावर होता. बाहेरच्या बाकांवर कोणी नव्हतं आणि आतल्या इकोच्या यंत्रावर धुतलेली चादर घातलेली होती. कान आल्यापासून तिच्याकडे येणार तरी कोण?

"ये," नसीम म्हणाली. "बस आधी. पाणी पी."

"नसीमताई, दत्ता चोपडेच्या हृदयाचा आवाज आणलाय. तुम्ही तो..."

"आवाज राहू दे. जिना चढून तुला पाच मिनिटं झाली, अजून तुझे शब्द तुटतायत. कधीपासून?"

"माझं ठीक आहे. आप्पा म्हणतात की..."

"कोण म्हणतात?"

बोललेलं वाक्य ऋजुताचं तिलाच ऐकू आलं आणि हातातला पेला तिनं खाली ठेवला. सात वर्षं ती रोज मेलेल्या माणसाला तब्येत विचारत होती आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नव्हतं.

नसीमनं यंत्रावरची चादर काढली. छातीवर थंडगार जेल लागलं, पडद्यावर करडं हृदय उघडमीट करू लागलं. नसीम बराच वेळ एकाच जागी बघत राहिली.

"ही भिंत बघ," ती म्हणाली. "हृदयाचे दोन कप्पे वेगळे करणारी. असायला हवी त्याच्या दुप्पट जाड झालीय. बसलेली असताना चालून जातं. दम लागला, जिना चढलीस, धावलीस, की रक्ताची वाट आवळते. चक्कर येते. कधी ठोकाच बिघडतो आणि माणूस जागच्या जागी पडतो. दत्ता चोपडेला हेच असणार."

"पण मग कानाला ऐकू कसं आलं नाही?"

"ते मला नको विचारूस, तूच सांग. निरोगी हृदय कसं वाजतं, हे त्याला कोणी शिकवलं?"

ऋजुतानं सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. सकाळी पहिला रोगी आत येण्याआधी आप्पा नळी स्वतःच्या छातीला लावत. जुळवल्याशिवाय गायला बसतं का कोणी, असं म्हणत. ते रोजचे काही क्षणही तिनं टिपले होते. यावर काय लिहू, असं विचारल्यावर आप्पा हसून म्हणाले होते, लिही, निरोगी. रोग्यांचे आवाज एकेकदाच आलेले. आप्पांचा तेवढा रोजचा, वर्षानुवर्षं. संगणकानं त्यालाच मूळ सूर मानलं आणि बाकी सगळी हृदयं त्याच्याशी जुळवून पाहिली.

"आणि सर दंडोबाचा डोंगर चढताना गेले," नसीम म्हणाली.

"हार्ट अॅटॅक म्हणाले सगळे. शवविच्छेदन आम्ही करू दिलं नाही."

"हार्ट अॅटॅक नव्हता तो. एकदा दवाखान्याचा जिना चढून सर दारात टेकून उभे राहिले. फोन काढून वाचायचं नाटक करत होते." नसीमनं जेल पुसायला तिच्या हातात कापूस दिला. "मी म्हटलं, सर, एक इको करून घ्या. तर म्हणाले, माझं हृदय मला ऐकू येतं, तू मला शिकवू नकोस. त्यानंतर मला बोलावणंच बंद झालं."

"पण त्यांच्या कानाला स्वतःचं कळलं नाही?"

"तार रोज केसभर उतरत गेली आणि रोज तिच्यावरच कान लावला, तर उतरलीय हे कळणार कसं? तरी जिवंत होते तोवर फार चुका झाल्या नाहीत. ते चेहरा बघायचे, नाडी धरायचे, घरात कोणी तरणं गेलंय का विचारायचे. तू यंत्राला त्यांचा नुसता कान दिलास." मग जरा थांबून ती म्हणाली, "लोक मला विचारतात, चांगला डॉक्टर ओळखायचा कसा. मी सांगते, त्याला बरं नसलं की तो कोणाकडे जातो, ते विचारा. कोणाकडेच जात नसेल, तर तिथून उठा."

ऋजुता छताकडे बघत पडून राहिली. अठ्ठ्याण्णव. तिचं हृदय निरोगी हृदयाशी जुळत नव्हतंच कधी. ते बापाच्या हृदयाशी जुळत होतं, कारण ते बापाकडूनच आलं होतं. तिला आप्पांचा राग आला. इतका, की रडूच आलं. नसीमनं तिला रडू दिलं.

पुढची कामं मात्र भराभर झाली. गोळ्या सुरू झाल्या. ठोका बिघडताच आतून झटका देणारं यंत्र छातीत बसवायची तारीख ठरली. त्याआधी कानाचा मूळ सूर बदलणं भाग होतं, आणि ते काम ऋजुताशिवाय कोणी करू शकत नव्हतं. कान बंद असल्याचं सगळ्यांना कळवलं गेलं. आप्पांचे रोजचे आवाज तिनं निरोगी या खान्यातून काढले आणि इको करून खात्री केलेल्या माणसांचे आवाज तिथे घातले. निवाडे आता नव्यानं होणार होते. ज्यांनी साम्यांकाचे पेढे वाटले होते, त्यांनाच आधी तपासणीला बोलवावं लागणार होतं.

चाचणी घ्यायला नसीम मिरजेला आली. ऋजुता खुर्चीत बसून होती, तिला उठायची मनाई होती. जुने आवाज कानाला एकेक करून ऐकवायचे आणि तो काय म्हणतो ते बघायचं. दत्ता चोपडेचा आवाज झाला. इतरांचे झाले. बिघडलेल्या प्रत्येक हृदयाला कानानं बरोबर अडवलं. यादीत शेवटचा आवाज उरला, तेव्हा ऋजुताचा हात थांबला.

तो आप्पांचा होता, त्यांच्या शेवटच्या सकाळचा. आवाज टिपून झाल्यावर ते चपला घालता घालता म्हणाले होते, चल गं, दंडोबाला जाऊन येऊ, हवा छान आहे. ती संगणकावरून मान न वळवता म्हणाली होती, तुम्ही व्हा पुढे, मला आजचे निवाडे लावायचेत. आप्पा एकटेच गेले होते.

"नको लावूस," नसीम म्हणाली.

ऋजुतानं लावला. खोलीत आप्पांचं हृदय वाजू लागलं. नव्या कानानं ते ऐकलं, आणि ज्या माणसाचं ते हृदय होतं त्याच माणसाच्या आवाजात, हळूच, नळी गळ्यात अडकवताना यायचा तसल्या आवाजात विचारलं,

"सोबत कोण आलंय?"

नसीमनं ऋजुताच्या खांद्यावर हात ठेवला. यंत्र उत्तराची वाट पाहत होतं.

"मी आलेय, आप्पा," ऋजुता म्हणाली.